भरलेली गेली, रिकामी फसली

आषाढात भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर किंवा पवनीकडच्या पांदण रस्त्यांवर हे दृश्य हमखास दिसतं. छोटा हत्ती नाहीतर पिकअप खताच्या बारा-पंधरा बोऱ्या घेऊन बांधीपर्यंत जाते. वाट ओली, मुरूम वाहून गेलेला, चाकोरीत पाणी. तरी गाडी हळूहळू का होईना, पोचते. बोऱ्या उतरतात, चालक गाडी वळवतो आणि परतीला तीच गाडी त्याच चाकोरीत फसते. मागचा चक्का जागच्या जागी गरगरतो, चिखल मागे उडतो, सायलेंसर धूर ओकतो. चालक आणखी रेस देतो, तसा चक्का आणखी खाली जातो. मग रोवणीवरचा एखादा म्हातारा धुऱ्यावरूनच ओरडतो, "रेस नको देऊ. पहिले चार जन मांगं बसा." चार जण डाल्यात चढतात, मागच्या दाराशी दाटीवाटीनं उभे राहतात आणि गाडी बाहेर निघते.

इंजिन तेच, टायर तेच, चिखलही तोच. जड वस्तू चिखलात जास्त रुतते हे तर लहान मुलालाही ठाऊक असतं. मग जड गाडी गेली आणि हलकी का अडकली? शिवाय चार माणसांचं वजन वाढवल्यावर ती सुटली कशी?

हाच प्रश्न भंडाऱ्यापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दर हिवाळ्यात पडतो. तिथे दारात हिम साचलेलं असतं आणि चारशे अश्वशक्तीची, गुरगुरत्या इंजिनाची 'मसल कार' घरासमोरच्या जरा चढावर जागची हलत नाही. शेजारची छोटी, सामान्य इंजिनाची गाडी मात्र निमूट निघून जाते. मसल कारवाला मग डिकीत वाळूची पोती टाकतो. धुऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलेला उपाय आणि हा उपाय एकच आहे, कारण दोन्ही गाड्यांची रचना एकच आहे: इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना.

टायर जमिनीला धरतो तेव्हा

गाडी इंजिनामुळे चालते असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी पुढे जाते ती टायर जमिनीला मागे रेटतो आणि जमीन टायरला पुढे रेटते म्हणून. हा सगळा व्यवहार टायर जिथे जमिनीला टेकतो तेवढ्या, जेमतेम तळहाताएवढ्या जागेत होतो. तिथे पकड नसेल तर वर कितीही ताकदीचं इंजिन बसवा, चाक नुसतंच फिरेल.

ही पकड दोन गोष्टींवर ठरते: जमीन किती निसरडी आहे आणि त्या चाकावर किती भार आहे. चांगला टायर कोरड्या डांबरावर आपल्यावरच्या भाराच्या साधारण ७० ते ८० टक्के जोर लावू शकतो. म्हणजे चाकावर १०० किलो भार असेल, तर ७०-८० किलोच्या जोरापर्यंत तो घसरत नाही. डांबर ओलं झालं की हा आकडा ४० ते ६० वर येतो. मुरमावरच्या पातळ चिखलात तो ३० च्या आसपास असतो. दाबून बसलेल्या हिमावर २० ते ३० आणि पाणी गोठून तयार झालेल्या बर्फाच्या थरावर तर १० किंवा त्याहूनही कमी.

आता फसलेल्या गाडीचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. समजा, रिकामी गाडी ८५० किलोची आहे. इंजिन आणि चालक पुढे असल्यामुळे ५०० किलो पुढच्या चाकांवर आणि फक्त ३५० किलो मागच्या चाकांवर आहेत. पातळ चिखलात पकड ३० टक्के धरली, तर मागची चाकं जास्तीत जास्त १०५ किलोचा जोर लावू शकतात. चिखल चारही चाकांना अडवतो. तो अडथळा एकूण वजनाच्या १५ टक्के धरला तर १२७ किलो होतो. लागतात १२७, मिळतात १०५. गाडी फसली.

आता डाल्यात ५० किलोच्या बारा बोऱ्या ठेवा. ६०० किलो वाढले. डाला मागच्या चाकांवरच असल्यामुळे त्यातले ५०० मागे गेले, १०० पुढे. मागच्या चाकांवर आता ८५० किलो आहेत, म्हणजे जोर २५५ किलो. एकूण वजन १४५० किलो, म्हणून अडथळा २१७ किलो. अडथळा वाढला खरा, पण जोर त्याहून जास्त वाढला. गाडी निघाली.

म्हणजे गाडीच्या एकूण वजनापेक्षा, त्यातला किती हिस्सा इंजिनाचा जोर मिळणाऱ्या चाकांवर आहे ही गोष्ट निर्णायक ठरते. रिकाम्या गाडीत तो हिस्सा ४१ टक्के होता, भरलेलीत ५९ टक्के झाला. चार माणसं मागच्या दाराशी उभी राहिली की हाच हिस्सा वाढतो. तीच माणसं पुढे केबिनमध्ये कोंबली, तर उलट नुकसान होईल.

या हिशेबाला मर्यादा आहे आणि ती भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. वर निसरडं आणि खाली घट्ट मुरूम किंवा रेताड सिहार जमीन असेल, तर वजन उपयोगी पडतं, कारण तिथे पकड कणांच्या घर्षणातून येते. कन्हारीची काळी चिकण माती पाण्यानं पुरती भिजली की मात्र तिचं घर्षण जवळजवळ संपतं. उरतो तो फक्त मातीचा चिकटपणा, आणि चिकटपणा भारानं वाढत नाही. तिथे वजन वाढवलं की चाक फक्त खोल जातं. म्हणून एकाच गावात एका वाटेवर बोऱ्या टाकून गाडी निघते आणि दुसऱ्या वाटेवर बोऱ्या उतरवल्याशिवाय निघत नाही. दोन्ही सल्ले देणारी माणसं आपापल्या जमिनीपुरती बरोबर असतात.

मागच्याच चाकांना जोर का दिला?

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात हे ओघानंच ठरलं. पुढच्या चाकांना डावीउजवीकडे वळावं लागतं. वळणाऱ्या चाकापर्यंत इंजिनाची फिरकी अखंड, न अडखळता पोचवायची तर सांधाही तसाच लागतो, आणि असा टिकाऊ, स्वस्त सांधा बनवणं फार काळ कठीण होतं. त्यापेक्षा इंजिन पुढे ठेवायचं, गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे न्यायचा आणि न वळणाऱ्या मागच्या चाकांना फिरवायचं, हे सोपं होतं. फ्रान्सच्या सिट्रोएननं १९३४ साली आणि ब्रिटनच्या मिनी गाडीनं १९५९ साली पुढच्या चाकांना जोर देऊन दाखवला आणि मग हळूहळू छोट्या गाड्या त्या वाटेनं गेल्या. आपल्याकडे हा बदल घरोघरी पोचवला तो १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० नं. तोवरच्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या.

माल वाहणाऱ्या गाड्यांनी मात्र जुनी रचना सोडली नाही, कारण त्यांच्यासाठी ती अजूनही उत्तम आहे. ट्रक, एसटी, पिकअप, छोटा हत्ती, ऑटोरिक्षा या सगळ्यांचा जोर मागच्या चाकांना असतो. भार मागे पडणार असेल, तर जोरही तिथेच हवा. भंडारा जिल्ह्यातल्या गडेगावच्या औद्योगिक वसाहतीत अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथे अवजड गाड्यांचे गिअरबॉक्स तयार होतात. ट्रकचा असा गिअरबॉक्स जी फिरकी बाहेर देतो, ती लांब दांड्यावरून मागच्या धुरीकडेच जाते. अडचण एवढीच की या गाड्या भरलेल्या असतानाचा विचार करून बांधलेल्या असतात, आणि रस्त्यावर त्या पुष्कळदा रिकाम्या धावतात.

गाडी पुढे झेपावते तेव्हा तिचा भार मागे सरकतो. आपण सीटला मागे दाबले जातो तसंच सगळ्या गाडीचं होतं. कोरड्या रस्त्यावर जोरात निघताना हा सरकलेला भार मागच्या चाकांची पकड वाढवतो, म्हणून शर्यतीच्या आणि ताकदीच्या गाड्यांना ही रचना आवडते. पण भार सरकतो तो गाडी झेपावली तरच. निसरड्यावर मुळात वेगच हळूहळू घेता येतो, त्यामुळे एकूण वजनाचे जेमतेम तीन-चार टक्केच मागे सरकतात. कोरड्या रस्त्यावरचा फायदा पावसात आणि हिमात असा नाहीसा होतो.

मिशिगनमधली मसल कार

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची, मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी. १९६४ चं मॉडेल म्हणून आलेल्या पाँटिअॅक जीटीओनं या प्रकाराला वळण दिलं, आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला विक्रीला आलेल्या फोर्ड मस्टँगनं ताकदीच्या गाडीचं वेड घराघरांत नेलं. भारतात मस्टँग २०१६ साली विक्रीला आली, पाच लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनासह. ज्या शहरांत या गाड्या जन्मल्या, त्या डेट्रॉईट-डिअरबॉर्न परिसरात हिवाळ्यात भरपूर हिम पडतं. वाहन उद्योगामुळे तिथे गेलेल्या मराठी अभियंत्यांची संख्या मोठी आहे, महाराष्ट्र मंडळही आहे. नागपूर-भंडाऱ्याकडून गेलेल्या माणसाला तिथला पहिला हिवाळा गाडी नव्यानं शिकवतो.

पुन्हा हिशेब करू. असं इंजिन साधारण ५०० न्यूटन-मीटरची फिरकी देतं. पहिल्या गिअरमध्ये ती चौपट होते, मागच्या धुरीवर आणखी सव्वातीनपट. चाकाची त्रिज्या लक्षात घेतली तर टायर जमिनीला जवळजवळ २००० किलोच्या जोरानं रेटू शकतो. आता हिम काय झेलू शकतं ते पाहा. मागच्या चाकांवर भार सुमारे ८०० किलो, पकड २० टक्के, म्हणजे १६० किलो. इंजिनाच्या पूर्ण ताकदीचा बारावा हिस्सा. उरलेले अकरा हिस्से चाक गरगरवण्यापलीकडे काही करत नाहीत. तिथे अॅक्सिलरेटरवर पाय केसभर जास्त पडला तरी मर्यादा ओलांडली जाते. छोट्या गाडीचं इंजिन कमी ताकदीचं असतं, तिच्या पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार असतो आणि जोरही त्याच चाकांना असतो. म्हणून ती निघून जाते.

चाक गरगरलं की आणखी एक नुकसान होतं. टायर गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त, साधारण दहा ते वीस टक्के जास्त फिरत असतो, तेव्हा त्याची पकड सर्वाधिक असते. त्यापुढे गेला की पकड घटत जाते. हिमात गरगरणारं चाक खालचा थर वितळवून गुळगुळीत करतं आणि तो लगेच गोठतो. चिखलात ते स्वतःच खड्डा खणतं आणि टायरच्या खाचा मातीनं भरून घेतं. दोन्हीकडे रेस देणारा माणूस आपल्या हातानं आपली वाट बिघडवतो.

उपाय काय? दुसऱ्या गिअरमध्ये निघावं, म्हणजे चाकापर्यंत पोचणारा जोर आपोआप कमी होतो. वाळूच्या पोत्यांचा उपयोग होतो, पण लोक समजतात तेवढा नाही. ५० किलोची दोन पोती टाकली तर पकड आठव्या हिश्शानं वाढते, बस. पोती मागच्या धुरीच्या बरोबर वर ठेवून बांधायला हवीत. डिकीच्या अगदी टोकाला ठेवली, तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळताना गाडीची मागची बाजू जास्त ओढली जाते. माझ्या मते मोठा फरक टायर बदलल्यानं पडतो. नेहमीच्या टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते रस्त्याच्या बारीक खाचांत शिरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर असंख्य बारीक चिरा असतात, त्या हिमाला धरतात. मसल कारचे मुळातले टायर रुंद आणि उन्हाळ्यासाठी बनवलेले असतात. रुंद टायर हिम कापून तळाशी पोचण्याऐवजी वर तरंगतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. मसल कारचे पुष्कळ मालक यातलं काहीच न करता हिवाळाभर गाडी झाकून ठेवतात आणि दुसरी वापरतात. रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पत्रा गंजतो, हेही त्यामागचं एक कारण.

पाणी एका तलावाचं, बांध्या दोन

गाडी हलत नाही हा त्रास झाला. मागची चाकं वळणावर सुटतात, हा धोका आहे.

आपल्या मामा तलावाखालच्या दोन बांध्या डोळ्यांसमोर आणा. तलावात पाणी ठरावीक. एका बांधीनं सगळं घेतलं तर दुसरी कोरडी राहणार. टायरची पकड अशीच ठरावीक असते आणि तिच्यावर दोन हक्कदार असतात: एक गाडीला पुढे ढकलण्याचं किंवा थांबवण्याचं काम, दुसरं गाडीला बाजूला सरकू न देण्याचं काम. मागच्या टायरनं सगळी पकड पुढे ढकलण्यात खर्च केली, तर बाजूची पकड उरत नाही. पाण्याच्या वाटणीपेक्षा टायरची वाटणी जरा उदार असते. ६० टक्के पकड पुढे जाण्यात गेली, तरी बाजूसाठी ४० नव्हे, ८० टक्के मिळते, कारण इथे काटकोन त्रिकोणाचा नियम चालतो. पण शंभर टक्क्यांना पोचलात की दुसऱ्या कामासाठी खरोखरच शून्य उरतं.

पुढच्या चाकांची पकड संपली तर गाडी वळत नाही, सरळ जात राहते. हे भीतिदायक असतं, पण चालकाला लगेच कळतं आणि पाय सैल केला की बहुधा सावरतं. मागच्या चाकांची पकड संपली तर गाडीची मागची बाजू वळणाच्या बाहेर जाऊ लागते आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. मागची बाजू जितकी बाहेर जाते, तितकी ती आणखी जोरात जाते. सावरायला मिळणारा वेळ एखाद्या सेकंदाचा.

त्या सेकंदात काय करावं? ब्रेक मारू नये. मागची बाजू ज्या दिशेला जात असेल त्या दिशेला स्टेअरिंग वळवावं, म्हणजे पुढची चाकं आपल्याला जायचं तिकडे तोंड करून राहतात. अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, झटक्यानं उचलू नये. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पाय एकदम उचलला, की इंजिन फक्त मागच्याच चाकांना अडवतं आणि आधीच सुटलेल्या चाकांवर आणखी एक ओझं पडतं. घाटात खालचा गिअर धाडकन टाकल्यानं रिकाम्या पिकअपची मागची बाजू फिरते, ती याचमुळे. क्लचची गाडी असेल तर क्लच दाबणं चांगलं: चाकं मोकळी फिरू लागतात आणि सगळी पकड बाजूच्या कामाला मिळते.

हे सगळं हिमातच घडतं असं नाही. जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा महामार्गावर साचलेली धूळ, तेलाचे थेंब आणि टायरच्या रबराची भुकटी यांचा पातळ राप पाण्यावर येतो. साकोली-लाखनीच्या बाजूला राष्ट्रीय महामार्गावरून रिकामी पिकअप ताशी ८० च्या वेगानं वळण घेते, तेव्हा तिच्या मागच्या चाकांवर भार कमी असतो, टायर झिजलेले असतात आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा मोठ्या भारासाठी कडक केलेल्या असल्यामुळे चाकं खड्ड्यांवरून उड्या मारत जातात. भरलेली गाडी सावध चालवायची आणि रिकामी सुसाट न्यायची, ही आपल्याकडची सवय पावसाळ्यात उलटी पडते. टायरच्या खाचेत तळाशी रबराचा एक उंचवटा दिलेला असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. पाणी बाहेर फेकायला तेवढी खोली अपुरी आहे.

चारही चाकांना जोर असलेल्या गाडीबद्दलचा एक गैरसमज जीवघेणा आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. ती निसरड्यावर चांगली निघते, पण थांबताना तिला काहीच जास्त मिळत नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या हिमावर ५० मीटर लागतात, बर्फाच्या थरावर १०० मीटर. गाडी कुठली आहे यानं हे आकडे फारसे बदलत नाहीत. शिवाय २०२३ पासून महिंद्र थार फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या प्रकारातही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून नाल्यात गाडी घालण्याआधी आपली कोणती ते पाहून घ्यावं.

एक चाक फिरतं, दुसरं स्वस्थ का?

फसलेल्या गाडीचं एकच चाक गरगरतं आणि दुसरं घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही, हे पाहून माणसं चिडतात. याचं कारण मागच्या धुरीच्या मधोमध असलेल्या फुगीर डब्यात आहे. त्यात डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचं अंतर कापावं लागतं, आतल्याला जवळचं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली असती तर एकाला फरफटावं लागलं असतं. डिफरन्शियल त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. त्याची अट अशी, की दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळेल. घसरणारं चाक जेवढा जोर झेलतं तेवढाच दुसऱ्याला मिळणार. एकाखाली निव्वळ गाळ असेल, तर तो जोर नगण्य, आणि म्हणून दुसऱ्यालाही नगण्य.

यावर हँडब्रेक अर्धवट ओढून रेस द्यायचा उपाय सांगितला जातो. पण हँडब्रेक दोन्ही चाकांना सारखाच आवळतो. घसरणाऱ्या चाकाला अडवून जेवढा जोर पलीकडे मिळाला, तेवढाच तिकडचा ब्रेक खाऊन टाकतो. फक्त घसरणारं चाक अडवता आलं तरच फायदा होतो. नव्या गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नेमकं हेच करते.

चौकट: गाडी फसली तर

चाक गरगरू लागताच थांबा. प्रत्येक जास्तीचा फेरा म्हणजे आणखी खोल खड्डा.
पुढची चाकं सरळ करा. वळलेली चाकं चिखल ढकलत जातात.
जोराच्या चाकांपुढचा आणि मागचा चिखल फावड्यानं काढा. तिथे गिट्टी, तणस किंवा फांद्या घाला.
खाली मुरूम असेल तर मागच्या धुरीवर भार वाढवा. खोल चिकण माती असेल तर भार उतरवा.
शक्य असेल तर मागे घ्या. आलेली वाट चाकांनी दाबून घट्ट झालेली असते.
दुसऱ्या गिअरमध्ये, कमी रेसवर निघा. गरगरणाऱ्या चाकाच्या मागे कुणालाही उभं राहू देऊ नका.

बांधीतला ट्रॅक्टर

या सगळ्या तत्त्वांचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर दर पावसाळ्यात चिखलणी करत असतं. नेहमीचा ट्रॅक्टर मागच्या चाकांवरच चालतो. त्याच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश हिस्सा मागच्या मोठ्या चाकांवर असतो. कोरड्या शेतात नांगरटीला पकड कमी पडली, तर मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरतात किंवा चाकाला बिडाची वजनं लावतात. बांधीत हे चालत नाही. तिथे ट्रॅक्टर जड केला तर तो बुडेल. म्हणून टायरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं, म्हणजे केज व्हील जोडतात. त्यांच्या आडव्या पट्ट्या मातीत शिरतात आणि मोठ्या क्षेत्रावरच्या मातीला एकदम रेटतात. चिकण मातीची पकड भारानं वाढत नाही, हे आपण वर पाहिलंच. तिथे वजनापेक्षा क्षेत्र कामाला येतं. वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं गाळाखाली एक कडक थरही तयार झालेला असतो, तो चाकांना तळ देतो. हीच लोखंडी चाकं डांबरी रस्त्यावर नेली, तर तिथे शिरायला माती नसते. पट्ट्या डांबर उखडतात आणि ट्रॅक्टर घसरतो.

बांधीच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळतो कसा, ते एकदा नीट पाहा. पुढची लहान चाकं पूर्ण वळवली तरी गाळात नुसती सरकत जातात. चालक मग आतल्या बाजूचा ब्रेक दाबतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. आतलं चाक थांबतं, डिफरन्शियलमुळे बाहेरचं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जागीच वळतो. एक चाक गरगरत असेल तेव्हा त्याच चाकाचा ब्रेक दाबून जोर दुसरीकडे पाठवण्याची युक्तीही इथे चालते. शिवाय दोन्ही चाकं एकत्र जखडणारं डिफरन्शियल लॉक असतंच. ते फक्त सरळ जाताना दाबायचं आणि वळण्याआधी सोडायचं. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकचे पेडल खिटीनं जोडायलाच हवेत. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो.

पण सर्वांत मोठा धोका बांधीतच असतो. मागची चाकं खोल रुतली की काही जण त्यांना आडवं लाकूड किंवा बल्ली बांधतात आणि पुढचा गिअर टाकून रेस देतात. चाक फिरू शकलं नाही, तर इंजिनाची फिरकी जाणार कुठे? चाक जमिनीत अडकलेलं असतं, म्हणून धुरीभोवती ट्रॅक्टरच फिरू लागतो. पुढची चाकं उचलली जातात आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर उलटतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. चाकाला लाकूड बांधून पुढे काढायचा प्रयत्न कधीही करू नये. मागचा गिअर टाकला तर तीच फिरकी उलट्या दिशेनं लागते आणि पुढची बाजू वर उचलण्याऐवजी खाली दाबली जाते, म्हणून ट्रॅक्टर आधी मागेच काढून पाहावा. तेही जमलं नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावं. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी त्याच्या खालच्या हूकलाच लावायची, धुरीच्या वर कुठेही नाही. साखळी धुरीच्या वरच्या जागी बांधली की तिचा ताण त्याही ट्रॅक्टरला मागे उलटवू लागतो. साखळी ताणली जाण्याआधी आजूबाजूच्या सगळ्यांना तिच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर हटवावं.